गोदाची तीन दिवसांची गैरहजेरी

अक्का,

शोकसभेत मला बोलू दिलं नाही. प्रत्येकाला पाच मिनिटं ठरली होती. माझा नंबर आला तेव्हा अध्यक्ष घड्याळाकडं बघत म्हणाले, "माणिकरावांना माईक दिला तर आपण तेराव्यालाच उठू." लोक हसले. तुमच्या फोटोपुढं हसले, आणि माझी शपथ, फोटोतल्या तुम्हीही गालातल्या गालात हसलात. मग काय, बसलो खाली. ज्यांनी तुमच्या हाताखाली सहा महिने काढले त्यांनी तुम्ही कडक होता म्हणून सांगितलं. ज्यांनी तुमच्या हातचा मार खाल्ला त्यांनी तुम्ही मायाळू होता म्हणून सांगितलं. आणि ज्या माणसानं तुमच्याशी तेवीस वर्षं रोज भांडण केलं तो मागच्या रांगेत, मोडक्या खुर्चीवर, तोंडाला कुलूप लावून. म्हणून हे लिहायलो. इथं माईक माझा आहे.

आणि रडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी तुमच्यावर चिडलोय. का ते पुढं येईल.

तुम्हाला आठवत असेल, मी शाळेत आलो तेव्हा आपला तालुका म्हैसूर राज्यात जाऊन थोडीच वर्षं झाली होती. पोरांची घरची बोली मराठी, बाजारची दखनी, सरकारी कागद कन्नड. तुम्ही मुख्याध्यापिका. तुमचं वजन भिजल्या छत्रीसकट पस्तीस शेर असेल, पण तुम्ही व्हरांड्यातून निघालात की चिंचेवरची वानरं खाली उतरून रांगेत उभी राहायची. मी स्वतः पाहिलंय. रोज अकराच्या ठोक्याला तुम्ही प्रत्येक वर्गाच्या खिडकीशी यायच्या आणि ओठ हलवत डोकी मोजायच्या. मग वर्गशिक्षकाचा हजेरीपट मागवायच्या.

पहिल्याच महिन्यात तुम्ही मला खोलीत बोलावलंत.

"माणिकराव, ही पाच लेकरं कुठं बसलीत?"

"ज्वारी काढायला गेलीत अक्का. शेतात."

"मग इथं कामून बसवलाव त्यांना?"

"नुस्कान हुतंय की लेकरांचं. शंभरातले पंचाहत्तर दिवस भरले न्हाईत तर बोर्ड परीक्षेला बसू देत न्हाई. त्या नियमाला काय ठाऊक, ज्वारी कधी पिकती ते."

"हजेरी म्हणजे साक्ष हाय," तुम्ही म्हणालात. "खोटी साक्ष देणाऱ्याला मी गणित शिकवू देत न्हाई." आणि पाचही नावांपुढं माझ्याच हातानं 'गै' लिहून घेतलंत.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि तुम्ही गेलात म्हणून ते संपलं असं मी मानत नाही. मी म्हणायचो, हा नियम घड्याळ बघून जेवणाऱ्या लोकांनी केलाय. आपली निम्मी पोरं दिवाळी झाली की मेंढरांमागं जातात. तुम्ही म्हणायच्या, "नियमाला शिव्या देऊन लेकरू शाळेत येत न्हाई. हाक मारल्यावर येतंय."

हाक मारायची सरकारी रीत म्हणजे छापील कार्ड. लेकरू तीन दिवस न सांगता घरी राहिलं की पालकाला कार्ड जायचं. कन्नडात, खाली गोल शिक्का. एका आजोबांनी ते कार्ड शिक्का बघून देव्हाऱ्यात ठेवलं आणि रोज हळदकुंकू वाहिलं. त्यांचा नातू पुढं महिनाभर आला नाही, कारण कार्डाला नैवेद्य दाखवायचं काम त्याच्याकडं होतं. दुसऱ्या एका घराची गोष्ट तर मी कमी करून सांगतो, कारण खरी कुणाला पटत नाही. त्या माणसाला वाटलं, नव्या सरकारनं समन्स काढलंय. त्यानं बैल जुंपले, बायको, चार लेकरं, कोंबड्या आणि जातं गाडीत घातलं आणि हद्द ओलांडून उदगीरला मेव्हण्याकडं पळाला. पोरगा तीन दिवस गैरहजर होता, तो तीन आठवडे झाला. तुम्ही त्याला परत आणायला एसटीनं गेलात, तर तुमच्या काखेतला हजेरीपट बघून तो उदगीरहूनही पळायला निघाला.

त्या दिवशी परत आल्यावर तुम्ही कार्डांचा गठ्ठा कपाटात टाकला आणि हलगीवाल्या मोहनप्पाला बोलावणं धाडलं.

आठवडी बाजारात गैरहजर पोरांच्या नावाची दवंडी. अख्ख्या म्हैसूर राज्यात हे कुणी केलं असेल तर मला दाखवा. तुम्ही यादी वाचून द्यायच्या, मोहनप्पा ती पाठ करायचा आणि मिरच्यांच्या ओळीपासून बैलबाजारापर्यंत हलगी बडवत जायचा. एकेक नाव मराठीत, कन्नडात आणि दखनीत, त्यामुळं एकदा चुकलेलं पोर तीनदा चुकल्यासारखं वाटायचं. भाजी सोडून आया घरी पळायच्या. एका बापानं केस अर्धे कापून झालेले असताना न्हाव्याच्या हाताखालून उठून लेकाला शाळेत आणून सोडलं. पट भरला अक्का. मी भांडलो, म्हणालो ही अब्रूवर हलगी आहे. तुम्ही म्हणालात, "अब्रूला ऐकू येतंय, कार्ड वाचता येत न्हाई."

आता गोदाचं सांगतो. ती आपल्या दोघांतली खरी गोष्ट आहे आणि ती मी तुम्हाला कधीच सांगितली नाही. निदान परवापर्यंत मला तसं वाटत होतं.

गोदा म्हणजे मेंढपाळ बिराप्पाची पोरगी, माझ्या दहावीच्या वर्गात. एक्केचाळीस पोरांत सात मुली, त्यांतली ही एक. दिवाळीनंतर मेंढरांबरोबर जाऊन आली होती, तरी सगळ्या वर्गाला बीजगणित तीच उतरवून द्यायची. एका दुपारी मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली.

"सर, मला तीन दिवस गैरहजर लावा."

"कुठं चाललीस?"

"कुठं न्हाई. वर्गातच बसणार हाय. फक्त पटावर गैरहजर लावा."

मी म्हणालो, उन्हानं डोकं फिरलं का तुझं. तेव्हा तिनं सांगितलं. निर्णा गावचं स्थळ आलं होतं. सोयरीक बोलून झाली होती, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती, आणि सुपारी फुटली की शाळा बंद, परीक्षा बंद. होणारा सासरा येत्या बाजारला बैलजोडी बघायला येणार होता. तीन दिवस गैरहजर म्हणजे नाव दवंडीत. आणि दवंडी बैलबाजारापर्यंत जाते.

"अगं, लोक काय काय बोलतील."

"बोलू द्या सर. बोलून बोलून थकतील. लगीन झालं तर मला थकायची बी सोय न्हाई."

अक्का, खोटी हजेरी तपासायला तुम्ही होता, तपासणीचे साहेब होते, बोर्ड होतं. खोटी गैरहजेरी तपासायचं साऱ्या दुनियेत कुणाला सुचलं नव्हतं. मी हजेरी नावं पुकारून घेत नसे, नजरेनं घ्यायचो. तीन दिवस गोदा माझ्यापुढं बसली, फळ्यावर येऊन प्रमेय सोडवून गेली, आणि मी तिच्या नावापुढं 'गै' लिहिलं. माझ्या हातानं. मला लाज वाटली नाही. उलट वाटलं, अक्कांवर पहिल्यांदा मात केली.

बाजारच्या दिवशी मोहनप्पानं बैलबाजाराच्या तोंडाशी हलगी वाजवली. दहावी, गोदावरी बिराप्पा, तीन दिवस गैरहजर. निर्ण्याचे पाव्हणे एका खिल्लारी बैलाचे दात बघत होते. त्यांनी बैलाचं तोंड तसंच सोडलं आणि बिराप्पाला विचारलं, "पोरगी घरी न्हाई, शाळंत न्हाई, मग हाय कुठं?" बिराप्पाला उत्तर सुचेपर्यंत पाव्हणे बसच्या टपावर चढले होते. बैल घेतले नाहीत, सोयरीक घेतली नाही.

तासाभरात बिराप्पा शाळेत. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तुम्ही त्याला घेऊन सरळ माझ्या वर्गात आलात.

"घरून तर रोज निघती," तो म्हणाला. "भाकरी बांधून घेऊन निघती."

"निघत असंल," तुम्ही म्हणालात. "पटावर न्हाई."

मग तुम्ही वर्गाकडं वळलात आणि विचारलंत, "गोदा हे तीन दिवस वर्गात होती का?"

तेव्हा माझा प्राण कुठं होता ते विचारू नका. चाळीस पोरं. प्रत्येकानं तिला डोळ्यांनी पाहिलेलं. त्यातल्या दोघांनी तर तिच्याच वहीतून गणितं उतरवलेली. चाळीसच्या चाळीस एका सुरात म्हणाली, "न्हाई अक्का."

गोदा खाली मान घालून उभी. तुम्ही तिला म्हणालात, "बाहेर जा. घंटा होईस्तोवर उन्हात उभी राहा." ती गेली. आणि मी? तालुक्यातल्या सगळ्या पिठाच्या गिरण्या बंद पडल्या तरी माझं तोंड चालू असतं, ते त्या वेळी बंद राहिलं. हात हजेरीपटावर होता. उघडून सांगायचं होतं, की पोरगी इथंच होती, बाहेर उभं करायचं तर मला करा. नाही सांगितलं.

बिराप्पा म्हणाला, "काढतो नाव. दाखला द्या बाई."

"देते की. बसा. पण दाखल्यात वर्तणुकीचा रकाना असतोय बिराप्पा. त्यात मला खरं लिवावं लागतंय. तीन दिवस ठावठिकाणा न्हाई. खाली माझी सही, शाळेचा शिक्का. तो कागद जलमभर तिच्या मागं राहतोय."

"मंग?"

"मंग काय. न्हाईतर परीक्षा होऊ द्या. पास झाली की बोर्डाचा कागद येतोय. त्यात वर्तणुकीचा रकानाच न्हाई."

बिराप्पानं घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "बसू द्या मंग," म्हणाला आणि गेला. मला तेव्हा वाटलं, काय दगडाची बाई आहे. रकान्याशिवाय हिला माणूस दिसत नाही. तुमचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

पुढं माघात मी परीक्षेसाठी दिवसांची बेरीज केली, आणि परत केली. मेंढरांमागचे दिवस गेले होतेच, त्यात माझे तीन. गोदा पंचाहत्तरच्या खाली गेली होती, बरोबर त्या तीन दिवसांनी. लग्नातून सोडवली आणि परीक्षेतून घालवली. गणिताचा मास्तर मी.

तसाच उठून तुमच्या खोलीत आलो. म्हणालो, "अक्का, एक सांगायचं होतं."

तुम्ही मान वर केली नाही. "आधी माझं ऐका. येते तीन रविवार दहावीची शाळा भरणार, पावसानं बुडालेल्या तीन दिवसांच्या बदल्यात. रीतसर, हजेरीसकट. तुम्ही गणित घ्यायचं."

रविवार. माझा रविवार. अक्का, मी असा पेटलो की मास्तरांच्या खोलीतले कप खुंट्यांवर वाजले. आपण अर्धा तास भांडलो, शिपाई दारात येऊन ऐकून गेला, आणि मी बाहेर आलो तेव्हा सांगायचं राहूनच गेलं होतं. तीन रविवार मी तुम्हाला शिव्या देत शिकवलं. गोदा तिन्ही रविवारी आली. बोर्डाला जी कमी दिवसांची यादी गेली तिच्यात तिचं नाव नव्हतं. ती पास झाली, पुढं शिकली, अफजलपूरकडं हायस्कुलात मास्तरीण झाली.

त्यानंतर मी कितीदा आलो कबूल करायला. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी आलो, हार घालून परत गेलो. तुमची मान धरली होती तेव्हा आलो. या शेवटच्या दुखण्यातही आलो. तुम्ही विचारलंत, "काय सांगायचंय माणिकराव?" आणि मी उदगीरला पळालेल्या माणसाची गोष्ट परत सांगितली, या वेळी त्याच्या गाडीत म्हैसही घातली. तुम्ही हसलात. खोकला आला. मी पाणी दिलं. तेवढंच.

परवा, तिसऱ्या दिवशी, तुमच्या घरी बसायला गेलो तर ओसरीवर गोदा. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे. अफजलपूरहून पहाटे निघून तीन बस बदलून आली होती. बाया आत होत्या. आम्ही दोघंच बाहेर.

"सर," ती म्हणाली, "अक्कांना कधी सांगितलंत का?"

"न्हाई गं. न्हाई झालं."

"बरं केलंत. त्यांना पहिल्याच दिवशी ठाऊक होतं."

तिनं हळूहळू सांगितलं. पहिल्या दिवशी अकरा वाजता तुम्ही खिडकीतून डोकी मोजलीत, एक्केचाळीस. पटावर हजर चाळीस. मधल्या सुट्टीत तुम्ही तिला नळापाशी गाठलंत. "बसलीस वर्गात, पण पटावर न्हाईस. कामून?" तिनं सगळं सांगून टाकलं. तुम्ही छत्रीचं टोक जमिनीत रुतवत उभ्या राहिलात आणि म्हणालात, "अजून दोन दिवस बसायचं. पुढच्या बाकावर न्हाई, मागच्या. आणि सरांना कळू द्यायचं न्हाई, मला ठाऊक हाय म्हणून."

"का?" मी विचारलं.

"मी पण विचारलं. तर म्हणाल्या, त्यांना भ्या असलं तरच त्यांचं तोंड मिटतंय."

"आणि वर्ग? चाळीस पोरं?"

"अक्कांनीच सांगून ठेवलं. तुम्ही पाणी प्यायला गेला होतात तेवढ्यात. येऊन म्हणाल्या, मी एक विचारणार हाय, आणि त्याचं उत्तर न्हाई असं हाय."

अक्का, रोज डोकी मोजणाऱ्या बाईला तीन दिवस एक डोकं जास्त कसं भरलं नाही, हा प्रश्न मला वीस वर्षांत पडला नाही. दवंडीची यादी तुम्ही स्वतः मोहनप्पाला वाचून दिलीत. बिराप्पापुढं पटाची साक्ष तुम्ही काढलीत. वर्तणुकीचा रकाना तुम्ही काढलात. उन्हात उभी केलीत, तीही त्याच्या डोळ्यांना दिसावी म्हणून. मी कबुलीजबाब घेऊन आलो तर भांडणाचं गाजर दाखवून माझं तोंड वळवलंत. या पंचक्रोशीत थापा मारण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी छातीवर हात मारून सांगत आलो. आणि तुम्ही ओठ न हलवता चाळीस पोरांचं एक नाटक बसवलंत आणि मला त्यात तिकीट काढून बसवलंत.

म्हणून चिडलोय. वीस वर्षं मी तुमच्यासमोर मान खाली घालून चहा प्यालो. एकदा म्हणायचं होतं, माणिकराव, मला ठाऊक हाय. आपण दोघं हसलो असतो. पण तुम्हाला बरोबर ठाऊक होतं, हसल्यावर मी गप्प बसलो नसतो. ती गोष्ट दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर गेली असती, तिथून बिराप्पाच्या कानावर, आणि पोरीचं शिक्षण, पुढं नोकरीही, तिथंच बसली असती. माझं तोंड एवढं मोठं, की ते बंद ठेवायला तुम्हाला माझी लाज वापरावी लागली. वाईट वाटतंय. आणि अक्का, तुम्ही बरोबर केलंत, हेही मला मान्य करावं लागतंय, जे मी तेवीस वर्षांत एकदाही केलं नाही.

मी गोदाला विचारलं, "बिराप्पाला कळलं का कधी?"

"मीच सांगितलं. माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी. म्हणाले, बाईनं मला बरं हाकलं. गेले ते मागच्या साली."

इतक्यात आत्ताचे हेडमास्तर आले. तरुण आहेत, चांगले आहेत, इस्त्री चांगली करतात. हातात टाईप केलेला ठराव. शाळेत फ्रेम करून लावायचा, एक प्रत वर साहेबांकडं. जुन्या मास्तरांच्या आणि विद्यार्थ्यांच्या सह्या पाहिजेत. मी वाचला. शेवटचं वाक्य होतं: 'त्यांच्या कारकिर्दीत हजेरीपटात एकही खोटी नोंद झाली नाही.'

मी पेन मागितलं आणि त्या वाक्याखाली लिहिलं: 'हे खरं नाही. तीन झाल्या. त्या मी केल्या, अक्कांनी जाणूनबुजून राखल्या, आणि आम्हा दोघांना त्याचा पस्तावा नाही.' खाली सही केली.

हेडमास्तरांचा चेहरा उतरला. "सर, हे काय केलाव. हा कागद साहेबांकडं जाणार हाय."

"जाऊ द्या. साहेबांना कन्नडमधे पाहिजे तर तेबी लिहून देतो."

"बाईंचं नाव खराब हुतंय की."

"खराब? तुम्ही त्यांना रकान्यात कोंबायलाव. मी बाहेर काढायलो."

"तुमच्या गोष्टी कट्ट्यावर ठीक हायत सर," ते मऊ आवाजात म्हणाले. लहान मुलाला समजावतात तसे. "पण हे कोण खरं मानणार? पुरावा काय याला?"

जन्मात पहिल्यांदा मी एक शब्द न वाढवता बोललो होतो, आणि ओसरीवर कुणाला ते पटलं नव्हतं. आतल्या बायाही दाराशी आल्या होत्या. मी काही बोलणार एवढ्यात गोदानं माझ्या हातातलं पेन घेतलं. कागद मांडीवर ठेवला. आधी आपलं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. मग हुद्दा, मग शाळा. हेडमास्तर वाकून बघत होते. तिनं घाई केली नाही. माझ्या सहीच्या खाली, फळ्यावर लिहावं तशा ठसठशीत अक्षरात, तिनं लिहिलं:

'त्या तिन्ही दिवशी मी वर्गात हजर होते.'